बापूंच्या शेजारचा पाट

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या भाऊकीत सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. नवरा होता तोवर नवऱ्याशी भांडले, तो गेल्यावर त्याच्या भाऊबंदांशी. एवढंच नाही, ज्या माणसाचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत त्याच्याशीही मी भांडून आले, तेही त्याच्याच घरी त्याचीच भाकर खाऊन. ही हकिगत त्याचीच आहे.

आमचं गाव शहाद्याकडचं, पुरुषोत्तमनगरपासून दोन-तीन मैलांवर. ऊस, केळी, पपई, आणि पाण्याची बरी सोय, त्यामुळे गावाचा ताठा थोडा जास्तच. माझे यजमान हिलाल, त्यांना सगळं गाव बापू म्हणायचं, म्हणून मीही बापूच म्हणते. कडक माणूस. शेतावरच्या मजुराला पाणी द्यायचं तर वरून ओतायचं आणि त्यानं ओंजळीनं प्यायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या वडलांचीही तीच होती. मी या घरात आले तेव्हा मला ती तुळशीला पाणी घालण्याइतकीच साधी वाटली होती, कारण माझ्या माहेरीही तसंच होतं.

मग बापूंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरले दोन शब्द, 'हां' आणि 'नही'. आमचा मुलगा योगेंद्र वापीला कंपनीत, त्याला कायमचं येणं शक्य नव्हतं. नव्वद किलोचा माणूस मी एकटी कशी उचलणार? नंदुरबारच्या डॉक्टरांनी दानियलचं नाव सांगितलं. नवापूरकडच्या डोंगरातला, कोकणी आदिवासी, धर्मानं ख्रिस्ती, बत्तीस-तेहतीस वर्षांचा. दवाखान्यात रुग्णसेवेचं काम शिकलेला. आला तेव्हा हातात एक पिशवी आणि बोलणं थेट शाळेच्या पुस्तकातलं. "नमस्कार. रुग्ण कुठे आहेत?" असं त्यानं विचारलं आणि आमच्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. घरी त्याची बोली वेगळी, आमची अहिराणी त्याला समजायची पण बोलायला लाजायचा. म्हणून मधली ही शाळेची मराठी.

सव्वादोन वर्षं तो आमच्याकडे राहिला. बापूंना आंघोळ घालणं, कूस बदलणं, पाय चोळणं, पेपर वाचून दाखवणं, सगळं तोच करायचा. रविवारी सकाळी प्रार्थनेला जाऊन दुपारी परत. बापूंना त्याच्याशिवाय चालेना. घास भरवायचा तर दानियलनंच. एकदा मी भरवायला गेले तर बापूंनी तोंडच मिटून घेतलं. चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, आणि आता मी नको! मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. काही महिन्यांनी बापूंना तिसरा शब्द फुटला. तो होता 'दान्या'.

आता आमच्या लोकांची अक्कल बघा. दानियलचा हात दिवसातून तीनदा बापूंच्या तोंडात जात होता, ते चाललं. पण दानियल स्वतः जेवायचा तो बाहेर ओट्यावर. त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा, दोन्ही ओट्यावरच्या कोनाड्यात. जेवून झालं की तो ते स्वतः धुऊन पालथं घालायचा. मी वरून भाकर वाढायची, कालवण ओतायचं आणि आत यायचं. हात चालतो, पण तोंड चालत नाही, हा कुठला न्याय, असं मला दोन वर्षांत एकदाही वाटलं नाही. घरातल्या कोणालाच वाटलं नाही. आणि दानियलनं एकदाही "अजून द्या" म्हटलं नाही. जेवढं पडेल तेवढं खाऊन उठायचा. मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे, पोराची भूकच कमी आहे.

बापू जायच्या चार दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ. दानियल वरणात भाकर कुस्करून भरवत होता. बापूंनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. वाटलं, नको म्हणताहेत. पण त्यांनी ते मनगट हळूहळू वळवलं. बोटांतला घास आता दानियलच्या तोंडासमोर होता. "दान्या," बापू म्हणाले. ते मनगट सोडेनात. दानियलनं माझ्याकडे बघितलं. तो विचारत होता, खाऊ का? मला सगळं कळलं होतं. तरी मी पुढे झाले, ताट उचललं आणि म्हणाले, "बापूले आज भूक नही शे."

बापूंनी डोळे मिटून घेतले. चार दिवसांनी ते गेले. दानियलनंच त्यांना शेवटची आंघोळ घातली आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून तो आपल्या गावी निघून गेला. तो अडवलेला घास माझ्या गळ्यात अडकून बसला. कोणाला सांगायची सोय नव्हती.

हे सगळं दिवाळीच्या सुमाराचं. मग थंडी गेली आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्याकडे वर्षभरात घरातलं माणूस गेलं असेल तर आखाजीला त्याच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची. आणि मेलेल्या माणसाच्या जागी एक माणूस पितर म्हणून पाटावर बसवायचा. त्याला पुरणाचे मांडे आणि आमरस पोटभर वाढायचा आणि विचारायचं, "धायनात का?" म्हणजे पोट भरलं का. तो "धायनू" म्हणाला की गेलेला माणूस तृप्त झाला. तोवर घरातलं कोणी जेवत नाही.

पाटावर भाऊकीतलाच कोणी वडीलधारा बसवतात. पण माझ्या मनानं घेतलं, यंदा बापूंच्या पाटावर दानियल. म्हणजे तो घास पोचेल आणि माझा गळा मोकळा होईल.

बापूंचे चुलतभाऊ नवनीतआबा म्हणजे भाऊकीचं हायकोर्ट. त्यांना सांगितलं तर ते पानाची पिचकारी गिळूनच बसले.

"मानूस चांगला शे," आबा म्हणाले, "पन पितर म्हनीसन? आपला पाटवर? पगार देत व्हतीस ना त्याले?"

"पगार दिधा म्हनीसन उपकार फिटनात का आबा?"

बाकीचे भाऊबंद कुजबुजायला लागले. मी तासभर भांडले. कोण बापूंना एकदा तरी बघायला आलं, कोणी एक दिवस कूस बदलली, सगळ्यांची उणीदुणी काढली. शेवटी आबांनीच तोड काढली. आबा हुशार.

"पाटवर जो बठना तो हिलाल," ते म्हणाले. "मंग त्यानी जात कोन देखस? तो उठना का पाट धोई टाकू."

सगळ्यांना पटलं, मलाही. जिंकल्यासारखी घरी आले. मला घरात जीजी म्हणतात. योगेंद्रला फोन केला तर तो म्हणाला, "जीजी, भारी काम करं तू!" मी फुगले. गावात असं कोणी केलं नव्हतं.

आमंत्रण फोनवर द्यायचं नसतं म्हणून मी स्वतः निघाले. शहाद्याहून एसटीनं नंदुरबार, तिथून नवापूर, पुढे जीप, आणि शेवटी एक चढण पायी. दानियलच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. त्याची बायको प्रिस्किला धावत आली, हातातली पिशवी घेतली, आणि घरातल्या सर्वांत चांगल्या पेल्यातून पाणी दिलं. माझ्या मनात आलं, मी कोणाकोणाच्या घरी पाणी पीत नाही, त्या यादीत हे घर बसतं. पण ऊन असं होतं की यादी विसरले आणि पाणी गटागटा प्यायले.

जेवायची वेळ झालेली. तांदळाची भाकर, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. प्रिस्किलानं चटईवर तिघांची ताटं शेजारी शेजारी मांडली. माझं ताट बाजूला नाही, तिच्या आणि दानियलच्या मध्ये. जेवायच्या आधी दानियलनं डोळे मिटले आणि देवाचे आभार मानायला लागला. अन्नाबद्दल, पाहुण्याबद्दल. मग म्हणाला, "आणि बापूंच्या घरी मला दोन वर्षं जे अन्न मिळालं, त्याबद्दल."

कोणतं अन्न? ओट्यावर वरून टाकलेलं. त्याबद्दल हा माणूस देवाचे आभार मानत होता. मी हातातला घास खाली ठेवला आणि पाण्याचा पेला उचलला. प्रिस्किलाला वाटलं चटणी तिखट लागली, तिनं आणखी डाळ वाढली. मी "बस" म्हटलं तरी तिनं आणखी एक भाकर टाकलीच.

जेवण झालं आणि मी आमंत्रण दिलं. पितराचा पाट, बापूंची जागा, धोतर-टोपीचा मान, सगळं सांगितलं. भाऊकीला कसं गप्प केलं तेही सांगितलं. वाटलं, आता ह्याच्या डोळ्यांत पाणी येणार.

दानियलनं रिकामी ताटं एकात एक रचली. मग म्हणाला, "जीजी, मला माफ करा. मी बापूंच्या पाटावर बसणार नाही."

"काबर?"

"आमच्यात गेलेल्याला जेवू घालत नाहीत. पण ते एकच कारण असतं तर मी आमच्या पास्टरांना विचारून बघितलं असतं. जीजी, तुमच्या घरी दोन वर्षं दानियल होता. तो ओट्यावर जेवला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता घरात जेवायचं तर मला बापू व्हावं लागणार. पाटावरून उठलो की मी पुन्हा दानियल. मग तुम्ही पाट धुणार ना?"

पाट धुण्याचं मी बोलले नव्हते. पण तो आमच्या घरात राहिलेला माणूस, त्याला न सांगताच कळलं.

खरं तर मी तिथंच त्याचे पाय धरायला हवे होते. पण माझं तोंड! "मी तुन्हाकरता सर्वा भाऊबंदस्संगे भांडनू," मी ओरडले, "आनि तू मालेच शिकाडस?" पिशवी उचलली आणि चढण उतरायला लागले. प्रिस्किला मात्र पदराआड काहीतरी घेऊन मागे धावत आली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जीपपर्यंत सोडायला आली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "जीजी, ते रोज फोनवर बापूंचं सांगायचे. बापू हसले, बापूंनी पाय हलवला. रागावू नका."

गाडीत बसले तर पिशवी जड लागली. उघडून बघते तर प्रिस्किलानं वर आंब्या म्हणजे कैऱ्या ठेवलेल्या आणि खाली फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकरी, वाटेत भूक लागली तर. नंदुरबार येईपर्यंत मी त्या भाकरींकडे बघत बसले. मी भांडून निघाले आणि तिनं शिदोरी दिली. दानियल दर रविवारी आमच्याकडून निघायचा, तेव्हा मी कधी त्याच्या पिशवीत भाकर टाकली होती का? नाही.

तिथंच डोक्यात प्रकाश पडला. आबांची ती तोड हुशारीची नव्हती, पळवाट होती, आणि मी ती आनंदानं घेतली होती. दानियलला आत घ्यायला लागू नये म्हणून आम्ही त्याला बापू करणार होतो. बापूंनी घास कोणापुढे धरला होता? पितरापुढे नाही. 'दान्या' म्हणून हाक मारून धरला होता. त्या माणसाला शेवटी तीनच शब्द येत होते, तरी तो माझ्यापेक्षा नीट बोलला.

घरी पोचल्या पोचल्या फोन लावला. "दान्या, आखाजीले ये. बापू म्हनीसन नको, दानियल म्हनीसन ये. प्रिस्किलालेबी लई ये."

हळू आवाजात त्यानं विचारलं, "जीजी, बसायचं कुठं?"

"घरमा. बापूना पाटना शेजारे."

"येतो," तो म्हणाला.

मग आबांकडे गेले. सगळं सांगितलं. आबांचा चेहरा उतरला. दानियल म्हणून बसवायचा म्हणजे सरळ पंक्तीत घेणं आलं. "मंग आमनी वाट देखू नको," आबा म्हणाले.

"वाट देखाले मी काय रिकामी शे का?" म्हणून मी उठले. पण घरी येऊन रडले. भाऊकीतलं कोणी येणार नाही, म्हणजे पितराच्या पाटावर बसायला कोणी नाही. मुलाला बापाचा पितर होता येत नाही. बापूंची पहिली आखाजी, आणि त्यांचाच पाट रिकामा. ज्यांना मी जिवंतपणी एक घास देऊ दिला नाही, त्यांना मेल्यावरही उपाशी ठेवणार होते. रात्री दोनदा वाटलं, दानियलला फोन करून नको म्हणावं. नाही केला. तेवढं एक शहाणपण मला देवानं दिलं, त्याबद्दल त्याचे आभार.

आखाजीच्या दिवशी पहाटे उठून मांड्यांची कणीक भिजवली. वापीहून योगेंद्र आला होता, त्यानं चुलीवर खापर पालथं घातलं आणि खाली जाळ केला. मांडा हातावरच मोठा करायचा असतो, मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत, आणि मग अलगद खापरावर टाकायचा. पासष्ट वर्षांच्या हातांनी वीस मांडे केले. एकही फाटला नाही.

दानियल आणि प्रिस्किला आले तेव्हा ऊन चढलं होतं. दानियल सवयीनं ओट्याकडे वळला, कोनाड्याकडे. कोनाडा रिकामा होता. तो ताट-पेला मी आदल्याच दिवशी घासून घरातल्या मांडणीवर इतर भांड्यांत मिसळून टाकला होता. आता मलाही ओळखता येत नव्हता कोणता तो.

"आठे ये," मी आतून म्हणाले.

घागर भरली, आगारी दिली. बापूंचा पाट, त्यांचं ताट वाढलेलं. शेजारी दानियलचा पाट, पलीकडे प्रिस्किलाचा. बापूंचा रिकामा पाट बघून सगळे उभेच राहिले. दानियलही बसेना. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. नवनीतआबा. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि हातात स्वतःच्या घरचा पाण्याचा तांब्या.

"हिलाल उपाशी ऱ्हाई आनि मी घर बठीसन जेवू का?" ते माझ्यावरच खेकसले. मग दानियलकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, आणि घसा खाकरून बसले. बसताना म्हणाले, "गावमा सांगू नको." गावाला काय, दारात तीन शेजारणी उभ्या होत्या. तांब्या मात्र त्यांनी शेवटपर्यंत स्वतःचाच वापरला. असू दे. आबा आले, मला तेवढंही डोंगराएवढं वाटलं. बाकी भाऊबंद आले नाहीत, त्यांचे मांडे त्यांना लाभले नाहीत.

दानियल बसला. मी मांडे वाढले, आमरस वाढला. मग त्याच्यासमोर खाली बसले आणि त्याच्या ताटातला मांड्याचा तुकडा मोडून, रसात बुडवून, त्याच्या तोंडासमोर धरला.

"हाऊ घास मरेल मानूसना नही," मी म्हणाले. "बापू जित्ता व्हतात तवयना शे. त्या दिवस मीच ताट उचली लिधं."

दानियलनं तोंड उघडलं. घास घेताना त्याचे डोळे भरून आले आणि माझा गळा, सहा महिन्यांनी, मोकळा झाला.

पाटावरचे तिघं जेवले. आबांनी पाच मांडे खाल्ले. नेम म्हणून मी हात जोडून विचारलं, "धायनात का बापू?" आबांनी डोळे मिटले. "धायनू," ते म्हणाले. रीत संपली. आता घरच्यांनी जेवायला हरकत नव्हती.

पण मी उठले नाही. दुसऱ्या कोणाला हा प्रश्न विचारायची रीत नाही, तरी मी शेजारच्या पाटाकडे वळले.

"धायना का रे दानियल?"

त्यानं आपल्या ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं. मग माझ्याकडे बघून हसला, आणि पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलला.

"नही जीजी. आखो एक मांडा वाढ."